सावरीला कोणी विचारलंच नाही

कळशी हातात घेऊन त्या मुलीने ती दाराच्या उजेडाकडे फिरवली. गळ्यापाशी कोरलेली अक्षरं ओठांतल्या ओठांत वाचली. मग मान जराशी तिरकी करून पुन्हा एकदा वाचली.

"सावरी कोण हो?" तिने विचारलं.

दुपारची वेळ होती. धुळ्याच्या आग्रा रोडवर डिसेंबरचं मऊ ऊन पसरलं होतं. भांड्यांच्या त्या दुकानात पितळी पराती एकीत एक शिरून पेंगत होत्या. गल्ल्यावर लालचंद शेठ पेपर वाचत बसले होते. आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर, भांड्यांवर नावं टाकणारा त्यांचा मुलगा अनुज… त्याच्या हातातलं नाव टाकायचं मशीन नुसतंच गुणगुणत राहिलं. ते बंद करायचंही भान त्याला उरलं नाही.

"सावरी?" तो कसंबसं म्हणाला.

"मी चिठ्ठी लिहून दिली होती. चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी भूमिका हिस, आगारातल्या मैत्रिणींकडून सप्रेम भेट. परवा आमच्या भूमिकाचं लग्न आहे. तुम्ही तर नवरीच बदलून टाकलीत!"

तिच्या अंगावर एसटीच्या कंडक्टरचा खाकी गणवेश होता आणि खांद्याला चामड्याची पिशवी. उन्हात काम करणाऱ्या माणसाचा असतो तसा तजेलदार सावळा चेहरा. डोळे मात्र असे, की समोरच्याने सुट्टे पैसे लपवले असतील तर त्याने ते आपणहून काढून द्यावेत.

"अनुज!" गल्ल्यावरून हाक आली. लालचंद शेठांनी चष्मा कपाळावर चढवला. "काय लिहून बसलास? सावरी? ही कोण? आता या नावाची नवरी तूच शोध आणि तिलाच दे ती कळशी!"

"शोधायला कशाला पाहिजे, काका?" मुलगी शांतपणे म्हणाली. "मला ठाऊक आहे ना ती. सातपुड्यात राहते. आठ भाग झाले तिचे."

लालचंद शेठांना यातलं काही कळलं नाही. गिऱ्हाईक ओरडत नाही एवढं पाहून ते पुन्हा पेपरात शिरले. अनुजला मात्र वाटलं, वरच्या फळीवरच्या साऱ्या घागरी एकदम आपल्या डोक्यात पडल्या.

ती स्टुलाजवळ आली. आवाज खाली घेत म्हणाली, "फांदी वाकवून मोहाची फुलं तोडते, तीच ना ही?"

हे वाक्य जगात सतरा माणसांनी वाचलं होतं.

सहा महिन्यांपूर्वी अनुजने वाचनाच्या एका ॲपवर गोष्ट लिहायला घेतली. नाव घेतलं 'एक वाटसरू'. गोष्ट होती सातपुड्यातल्या सावरीची आणि जळगावहून तिकडे बदलून गेलेल्या अभिमन नावाच्या वनरक्षकाची. अनुज स्वतः सातपुड्यात एकदाच गेला होता, शाळेच्या सहलीला, आणि तेव्हाही त्याला गाडी लागली होती. पण मनात डोंगर होता. दुकान बंद झालं की तो गच्चीवर जाऊन लिहायचा, आणि प्रत्येक भागाच्या खाली न चुकता एक ओळ घालायचा : 'मी नवीन लेखक आहे. गोष्ट आवडली का ते सांगा. चुकलं असेल तर तेही सांगा.'

लोक सांगायचे : 'छान.' 'पुढचा भाग लवकर टाका.' कोणी नुसतंच गुलाबाचं चित्र टाकायचं. त्या एकेका गुलाबाकडे तो रात्र रात्र बघत बसे. खरंच आवडलं असेल, की हात लागून चुकून गेलं असेल?

आणि मग तिसऱ्या भागाखाली 'खिडकीजवळची सीट' असं नाव घेतलेल्या कोणीतरी लिहिलं होतं : 'मोहाची फुलं कोणी तोडत नाही. ती पहाटे आपली आपण गळतात, माणसं खालून वेचतात. लेखक मोहाखाली कधी उभे राहिलेले दिसत नाहीत.'

दोन दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याने चूक सुधारली आणि उत्तर लिहिलं. हा वाचक म्हणजे नाकावर चष्मा उतरलेले कोणी निवृत्त हेडमास्तर असणार, याबद्दल त्याला शंका नव्हती. 'सर, आपली सूचना शिरसावंद्य. असाच लोभ असावा.' पुढच्या प्रत्येक भागाला सरांचा अभिप्राय येत गेला. कडक, नेमका, कधीकधी नुसता दोन शब्दांचा. आणि नकळत अनुज सतरा जणांसाठी लिहायचं सोडून एकट्या सरांसाठी लिहू लागला.

"म्हणजे… तुम्ही…" त्याने आता कुठे मशीन बंद केलं.

"मला सर म्हणणारे तुम्हीच!" ती तोंडावर हात धरून हसली. "आगारात सगळ्यांना दाखवलंय मी. चार महिने मैत्रिणी मला सर म्हणतात."

"बाबांना सांगू नका. प्लीज."

"का? चोरी केली काय?"

"त्यांना वाटतं, मी मोबाईलवर पितळेचे भाव बघतो."

"बरं, नाही सांगत. पण एका अटीवर. नवी कळशी उद्या पाहिजे. आणि नववा भाग रविवारी."

ती निघाली. पायरी उतरत होती तोच अनुजने सगळं धैर्य गोळा करून विचारलं, "तुम्हाला… आवडते का? गोष्ट?"

ती थांबली. उगाच हो म्हणून टाकणाऱ्यातली ती नव्हती. खरोखर विचार केला तिने.

"सावरी आवडते," ती म्हणाली. "तुमचा तो अभिमन आठ भाग नुसता बघतच उभा आहे तिच्याकडे. आमच्या गाडीत असा माणूस असता ना, तर मी म्हटलं असतं – ओ भाऊ, पुढे सरका!"

*

नववा भाग रविवारी गेला. सोमवारी त्याखाली पाच शब्द होते : 'अभिप्राय लांबलचक आहे. बोलून सांगेन.' आणि खाली : 'मंगळवारी सकाळी पावणेसहाची पिंपळनेर गाडी.'

मंगळवारी दुकानाला सुट्टी. अनुजने आईला सांगितलं, साक्रीच्या व्यापाऱ्याकडे जाऊन येतो. आईने, झमकूबाईंनी, चार मेथीच्या पुऱ्या बांधून दिल्या आणि काही विचारलं नाही.

गाडी धुळ्याबाहेर पडली तेव्हा अजून उजाडायचं होतं. काचांवर दव धरलं होतं. ती प्रवाशांतून वाट काढत आली, अनुजकडे न बघता विचारलं, "कुठे?" आणि तिकीट त्याच्या हातावर ठेवलं. तिकिटाबरोबर बोटांची टोकं निमिषभर हातावर टेकली – थंडगार. कुसुंब्यापर्यंत तो तिकीट मुठीत धरून बसला होता.

तिचं नाव शीतल. सातपुड्याच्या पायथ्याच्या पावरा आदिवासी घरातली, चोपड्याच्या वरच्या अंगाला गाव. शाळा आश्रमशाळेत झाली. सुट्टीत घरी जायला एसटी, आणि त्या गाडीत खिडकीजवळ बसून वाचलेली पुस्तकं… "आता सगळ्या गाडीला जागा करून देते," ती म्हणाली, "पण मला स्वतःला काही खिडकी मिळत नाही. म्हणून ते नाव."

पिंपळनेरच्या स्टँडवर गाडी पाऊण तास थांबे. टपरीवरच्या बाकावर चहाचे पेले ठेवून अनुज वहीतून वाचायचा आणि ती डोळे मिटून ऐकायची. आवडलं तर डोळे मिटलेलेच राहात. खटकलं की एक डोळा उघडे. त्या एका डोळ्याला अनुज फार भीत असे.

"हे 'तिच्या नयनांत सागर दाटला' काढा."

"का? वाईट आहे?"

"सावरीने समुद्र पाहिलाय?"

"नाही."

"तुम्ही?"

"…नाही."

"मग तापी दाटू द्या. तेवढं पाणी पुष्कळ झालं."

गाडीचे ड्रायव्हर पुनाभाऊ मिशीत हसत चहा प्यायचे. सलग तिसऱ्या मंगळवारी अनुज चढला तेव्हा ते आरशातून म्हणाले, "काय शेठ, पिंपळनेरमा दुकान टाकी राह्यना का?"

"नाही… ते… जरा काम…"

"कर बाबा काम. पन मन्ही बी एक गोष्ट लिख. पंचवीस वरीस गाडी हाकी राह्यनू, कोनी एक आक्षर लिखं नही."

असे बारा मंगळवार गेले. थंडी सरली, पळस पेटले. गोष्टीला आता दोनशेच्या वर वाचक झाले होते. पण अनुजला मोजायचे होते ते फक्त मंगळवार.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, चहा प्यायच्या आधीच शीतल म्हणाली, "वही राहू द्या. चला."

स्टँडच्या मागे, ओढ्याच्या काठाला एकटं मोठं झाड होतं. पानं जवळजवळ झडलेली. खालची जमीन मात्र फिकट पिवळ्या, टपोऱ्या फुलांनी भरून गेली होती. हवेत एक गोड, जड, गुंगी आणणारा वास… ती त्याला बुंध्याजवळ घेऊन गेली आणि ओठांवर बोट ठेवलं.

टप्.

मग बराच वेळ काही नाही. दूर कुठे कोंबडा आरवला.

टप्… टप्.

एक फूल अनुजच्या खांद्यावर पडून थांबलं. शीतलने ते उचललं, त्याच्या तळहातावर ठेवलं आणि त्याची बोटं एकेक करून मिटवली.

"हा मोह," ती हळूच म्हणाली. "आता लिहा."

अनुजने तिच्याकडे पाहिलं. तिच्या केसांतही एक फूल अडकलं होतं. ते काढावं असं त्याला वाटलं. हात उचललाही त्याने… आणि तसाच खाली घेतला. तिला ते दिसलं. तिने वर झाडाकडे पाहिलं, आणि मग सहज बोलावं तसं म्हणाली, "माझी बदली झाली. चोपडा आगार. दोन वर्षांपूर्वी अर्ज केला होता. बाबांना आता डोंगर चढवत नाही, आई एकटी पडते. एक तारखेला हजर व्हायचंय."

"हो का?" अनुज म्हणाला. मुठीतलं फूल तसंच धरून तो पुढे म्हणाला, "छान झालं. घराजवळ."

"हो. छान झालं."

परत येताना ती पुढे चालत होती. स्टँडपाशी वळून म्हणाली, "जायच्या आधी शेवटचा भाग वाचायला मिळेल ना?"

*

तो भाग अनुजने तीन दिवसांत लिहिला. इतकं चांगलं आपल्याला कधी लिहिता आलं नव्हतं, असं त्याला प्रथमच वाटलं. सावरी डोंगरापलीकडे जायला निघते. अभिमन वाटेवर उभा असतो. तिच्या सुखाच्या आड आपण येऊ नये म्हणून तो मनातलं मनातच ठेवतो. ती दिसेनाशी होते, आणि त्याच्या डोळ्यांत तापी दाटते.

गोष्ट संपली. खाली नेहमीची ओळ : 'चुकलं असेल तर तेही सांगा.'

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत गुलाबांचा पाऊस पडला. 'रडवलंत हो.' 'असं प्रेम आता कुठे उरलंय?' 'अभिमनसारखा माणूस मिळायला भाग्य लागतं.' अमळनेरच्या एका बाईंनी लिहिलं की त्यांनी हा भाग नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला आणि तोही गप्प झाला. नव्या लेखकाला आणखी काय पाहिजे?

अनुजला पाहिजे होता एकच अभिप्राय, आणि तो येत नव्हता. तो दुकानात नावं टाकत होता आणि दर दोन अक्षरांनी मोबाईल बघत होता. चौथ्या दिवशी दुपारी ते नाव दिसलं. खिडकीजवळची सीट. त्याने श्वास रोखून वाचलं :

'भाषा सुंदर आहे. शेवटी एकही चूक नाही. फक्त, सावरीला कोणी विचारलंच नाही.'

त्याने ते पुन्हा वाचलं. मग आपला तो भाग उघडून वरपासून खालपर्यंत तपासला. खरंच की. सावरीचं सुख कशात आहे ते अभिमनने ठरवलं होतं, त्यासाठी त्याग त्याने केला होता, अश्रूही त्याचेच होते. त्या सबंध भागात सावरी फक्त चालत होती. तिच्या तोंडी एक वाक्य नव्हतं. आणि मोहाखाली उभं राहून आपणही, तिने बातमी सांगितल्यावर, तिच्या मनात काय आहे ते न विचारता, छान झालं म्हणून मोकळे झालो होतो… त्याला तो त्याग वाटत होता. होती ती भीती.

लोकांच्या दोनशे गुलाबांखाली ही एक ओळ होती, आणि तीच खरी होती.

*

महिन्याचा शेवटचा मंगळवार. तिची पिंपळनेरची शेवटची फेरी. साक्रीला बाजार असल्यामुळे गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. टोपल्या, पोती, दोन कोंबड्या, आणि अनुजच्या शेजारी पदर डोक्यावरून घट्ट घेतलेली एक म्हातारी.

शीतल त्याच्यापर्यंत आली तेव्हा गाडी साक्रीच्या अलीकडे पोचली होती.

"कुठे?"

"मला विचारायचंय," अनुज म्हणाला.

"काय?" इंजिनाच्या आवाजात तिला ऐकू गेलं नाही.

"विचारायचंय! तुम्ही चाललात… तर मला… म्हणजे तुमचं मन…"

"मोठ्याने बोला, काही कळत नाही!"

म्हातारीला मात्र सगळं कळलं होतं. तिने मान वर केली आणि साऱ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "ओ ताई, तो म्हनस, तू चालनी ते त्याले करमाव नही! नि तुन्हं मन काय शे ते इचारी राह्यना!"

गाडी साक्रीच्या स्टँडवर येऊन थांबली. उतरणारे उतरले, चढणारे चढले. शीतल दाराजवळ घंटीची दोरी हातात धरून उभी होती, पण दोरी ओढत नव्हती. सहा वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं.

"ताई, घंटी?" पुढून पुनाभाऊ म्हणाले. मग आरशात बघून त्यांनी गुपचूप इंजिन बंद केलं.

आता कोंबडीची कुरकुरही ऐकू येत होती.

"कोणाला विचारताय?" शीतल म्हणाली. "मला, की सावरीला?"

"तुम्हाला."

"मग नीट विचारा. गोष्टीसारखे भाग पाडू नका."

अनुज उभा राहिला. डोकं वरच्या दांडीला लागलं. चाळीस माणसं बघत होती, आणि इथे आधी वहीत लिहून, मग खोडून सुधारायची सोय नव्हती.

"शीतल, मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. "चोपड्याला गेलात तरी आवडाल. तिथे यायची माझी तयारी आहे. तुमच्या मनात काय आहे ते मला ठाऊक नाही. मी आपलं ठरवून टाकलं होतं… ते चुकलं. म्हणून विचारतो."

शीतलने खाली पाहिलं. हातातल्या दोरीला एक पीळ दिला, मग सोडला.

"या गाडीची ड्युटी सगळ्यांना आळीपाळीने असते," ती म्हणाली. आवाज नेहमीचा नव्हता. "मंगळवारची… मी मागून घ्यायचे. बारा वेळा मागून घेतली. कोणी विचारलं तर सांगायचे, पिंपळनेरचा चहा चांगला असतो." ती थांबली. "अगदी पाणचट असतो हो तो चहा."

गाडीत कोणीतरी खुदकन हसलं. म्हातारी अस्वस्थ झाली.

"मंग? व्हय का नही ते सांग ना माय! मना बजार राही जाई!"

"आजी, तुम्हाला इथेच उतरायचं होतं!" शीतल म्हणाली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. "हो म्हणते मी. हो! आता उतरा."

म्हातारी उतरली. तिने खालून खिडकीतून हात घालून अनुजच्या पाठीवर एक सणसणीत थाप दिली आणि टोपली डोक्यावर घेऊन बाजाराकडे निघून गेली. शीतलने दोरी दोनदा ओढली.

पिंपळनेरला गाडी रिकामी झाल्यावर ती बाकावर त्याच्या शेजारी बसली. दोघांत एक हाताचं अंतर होतं. इतक्या माणसांसमोर बोलून झाल्यावर आता दोघांनाच बोलायला लाज वाटत होती.

"घरी सांगितलंत?" तिने विचारलं.

"काल संध्याकाळी, जेवताना. तुम्ही कोण, कुठल्या, सगळं. म्हटलं, ती हो म्हणेल की नाही ठाऊक नाही, पण मी विचारणार आहे."

"काय म्हणाले?"

"बाबा ताटावरून उठले. तेव्हापासून बोलले नाहीत."

"आणि आई?"

"तीही काही बोलली नाही. पहाटे उठून डबा दिला, बस."

"माझ्याकडेही सोपं नाही," शीतल म्हणाली. "बाबा म्हणतील, बाजारातला माणूस डोंगरात किती दिवस टिकणार? त्यांना विचारावं लागेल. तुम्हीच विचारायचं."

"विचारेन," अनुज म्हणाला. आपण हे इतक्या सहज म्हणालो याचं त्याला नवल वाटलं.

"बरं, डबा तरी काढा. सकाळपासून पोटात काही नाही."

त्याने पिशवीतून डबा काढला. झाकण निघता निघेना, इतका तो गच्च भरला होता. मेथीच्या पुऱ्या काठापर्यंत रचलेल्या. शीतलने एक भुवई वर केली.

"रोज एवढ्या खाता?"

"नाही… चारच देते ती."

त्याने पुऱ्या जरा बाजूला सारल्या. तळाशी कैरीच्या लोणच्याच्या पुड्या होत्या. कागदाच्या, नीट दुमडलेल्या, दोऱ्याने बांधलेल्या.

दोन.

अनुज त्या दोन पुड्यांकडे बघतच राहिला. पहाटेच्या अंधारात आई ओट्यापाशी पाठमोरी उभी होती, आणि तो दारातून निघेपर्यंत तिने वळून पाहिलं नव्हतं…

शीतलने त्यातली एक पुडी उचलली. दोरा सावकाश सोडला. मघाचं ते हातभर अंतर ओलांडून ती त्याच्याजवळ सरकली.

"फार तिखट असतं का हो तुमच्या आईचं लोणचं?"

"फार."

"चालेल," ती म्हणाली.